खोंडाचं काय करता, हे आधी विचारा

प्रश्न विचारणाऱ्या ताई वाळवा तालुक्यातल्या, नोकरीला पुण्यात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दूध, दही, तूप सगळं सोडलं, व्हीगन झाल्या. घरी वडिलांच्या गोठ्यात पाच एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन ह्या परदेशी दुधाळ जातीच्या गाई आणि दोन म्हशी आहेत. वडील म्हणतात, "ह्या दुधाच्या बिलावर तुझं शिक्षण झालं, आता तेच दूध पाप झालं का?" दूध काढणं मुळातच क्रूर आहे का, परदेशातल्या मोठ्या डेअऱ्यांवरचे आरोप आपल्या पाच-सात जनावरांच्या गोठ्याला लागू होतात का, आणि घरात आपण काय भूमिका घ्यावी, असं त्यांनी विचारलं आहे. घरची एक गाय पुढच्या महिन्यात व्यायची आहे, हेही त्यांनी जाता जाता लिहिलं आहे.

ताई, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्याला मला आता सत्तावीस वर्षं झाली. त्यातली बहुतेक पलूस, वाळवा आणि पुढं आटपाडीकडच्या गोठ्यांत गेली. तुमच्यासारखा प्रश्न मला पूर्वी कुणी विचारला असता तर मी चिडलो असतो. आता चिडत नाही, कारण तुमच्या म्हणण्यातला मुख्य भाग खरा आहे असं मला वाटतं. फक्त बोट चुकीच्या जागी ठेवलं जातं. लोक धार काढण्याबद्दल वाद घालतात. नीट काढलेल्या धारेनं गाईला दुखत नाही, उलट तटतटलेली कास मोकळी झाली की ती निवांत रवंथ करत बसते. दुखणं असतं ते गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथं वासरं बांधतात तिथं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर नदीकाठच्या एका वस्तीवर म्हैस बघायला गेलो होतो. सडाला चीर पडली होती. काम आटोपून हात धुताना कोपऱ्यात, वैरणीच्या मागं, पोत्यावर एक रेडकू पडलेलं दिसलं. तीन आठवड्यांचं असेल. मान पोटाकडं वळवून घेतलेली. मी त्याच्या तोंडात बोट घातलं. निरोगी रेडकू बोट लागताच जीभ गुंडाळून ओढायला लागतं. ह्याचं तोंड गार होतं. त्यानं जीभ एकदा बोटाला लावली आणि सोडून दिली. डोळे खोल गेलेले, मानेवरचं कातडं चिमटीत धरून सोडलं तर तसंच उभं राहिलं. हगवण नव्हती, ताप नव्हता, नाळ स्वच्छ सुकलेली. मालकीणबाई म्हणाल्या, "रेडा हाय डॉक्टर, कशाला त्याच्यामागं लागताय." रोग नव्हताच, भूक होती. मी सलाईन लावलं, दूध पाजा म्हणून सांगितलं आणि निघालो. दोन दिवसांनी ते गेलं. माझ्या वहीत मरणाचं कारण म्हणून मी "अशक्तपणा" असं लिहिलं. खरं कारण लिहायला हवं होतं. ती ओळ मला अजून सलते.

ती बाई निर्दय नव्हती, हेही सांगायला हवं. त्याच घरातली माणसं २०१९ च्या महापुरात पाणी उंबऱ्याला लागलं तरी बोटीत बसायला तयार नव्हती, कारण म्हशींची दावी अजून सोडायची होती. २०१२-१३ च्या दुष्काळात माण आणि आटपाडीच्या चारा छावण्यांत मी घरंच्या घरं पाहिली, जनावरांशेजारी पाल ठोकून महिनोन्‌महिने राहिलेली. ही माणसं जनावरावर जीव लावतात, आणि हीच माणसं नर रेडकाला उपाशी मरू देतात. दोन्ही खरं आहे. असं का होतं, ते समजून घेतल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही.

तुमच्या आजोबांच्या वेळी दावणीला खिलार, म्हणजे आपली देशी जात, असणार. खिलार गाय दूध किती देते? वासराला पाजून घरच्या चहापुरतं. तिला पाळायची ती बैलासाठी. खरसुंडीच्या आणि पुसेगावच्या जत्रेत आजही जातिवंत खिलार खोंडाभोवती माणसं गोळा होतात, ती ह्याच जुन्या हिशेबाची खूण. तेव्हा खोंड झाला की घरात आनंद व्हायचा. बैल हे उत्पन्न होतं आणि दूध ही वरकड होती. मग ट्रॅक्टर आले. १९७० ला ऑपरेशन फ्लड सुरू झालं, गावोगाव डेअऱ्या झाल्या, संकरित गाई आल्या, आणि १९९८ पासून आपला देश दुधात जगात पहिला आहे. हिशेब उलटा झाला. आता दूध हे उत्पन्न आणि खोंड हा खर्च. एचएफच्या खोंडाला वशिंड नाही, उन्हात तो दमतो, त्यामुळे जू घेऊन राबायला कुणी त्याला विकत घेत नाही.

ह्यात आणखी एक गोष्ट आहे, ती गोठ्याबाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. देशी गाय आणि म्हैस वासराशिवाय पान्हा सोडत नाही. वासरू ढुशी मारतं, सड चोखतं, तेव्हा तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि दूध खाली उतरतं. म्हणून पूर्वी वासरू जगवणं मालकाच्या फायद्याचं होतं, मग ते नर असो की मादी. वासरू मेलंच तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून आईपुढं उभं करायचे, ती ते चाटायची आणि धार सुटायची. एचएफ गाय मात्र पिढ्यान्‌पिढ्या अशी निवडलेली आहे की कास धुतली, सडाला हात लागला, मशीनचा आवाज झाला की ती पान्हावते. तिला वासरू लागत नाही. म्हशीला लागतं, पण तिथं इंजेक्शन आलं. तेच ऑक्सिटोसिन सुईनं टोचलं की रेडकू नसलं तरी चालतं. ज्या दिवशी पान्ह्यासाठी वासराची गरज संपली, त्या दिवशी नर वासराचं संरक्षण संपलं. माझ्या मते आपल्या दुधाच्या धंद्यातला खरा बदल हा आहे. संकरीकरणाबद्दल आपण भरपूर बोलतो, ह्याबद्दल बोलत नाही.

दूध उतरवायला जनावराला अपाय होईल असं काही टोचणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. त्याच कलमात फुंकाही आहे. फुंका म्हणजे गाईम्हशीच्या योनीत फुंकून दूध उतरवण्याचा जुना, अघोरी प्रकार. त्याबद्दल कळल्यामुळे गांधीजींचं मन दुधावरून उडालं आणि १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडलं. पुढं १९१८ च्या मोठ्या आजारपणात शेळीचं दूध घेतलं. व्रत घेताना मनात गाईम्हशीचंच दूध होतं, अशी सवलत त्यांनी स्वतःला दिली, आणि शब्द पाळला तरी व्रताचा आत्मा दुखावला हे स्वतःच लिहून ठेवलं. तुमच्या वडिलांना हे सांगा. दूध सोडण्याचा विचार तुम्ही पुण्यातून किंवा इंटरनेटवरून आणलेला नाही, त्याला इथंही शंभर वर्षं होऊन गेली. व्हीगन हा शब्द मात्र नंतरचा, १९४४ चा, इंग्लंडातला.

पुढचा भाग कायद्याचा आहे, तो थोडक्यात सांगतो. १९७६ च्या आपल्या राज्याच्या कायद्यानं गाय कापायला बंदी होती, बैल प्रमाणपत्र घेऊन कापता यायचे. २०१५ मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि बैल, वळू सगळेच त्यात आले. म्हशी आणि रेडे ह्या बंदीत नाहीत. कापणं थांबलं, पण पुढची पंधरा वर्षं त्या खोंडाला वैरण कोण घालणार, हे कायद्यात लिहिलेलं नाही. खोंडाला बाजार राहिला नाही. मग कुणी तो रात्री देवळापाशी सोडतो, कुणी गोशाळेच्या दारात, आणि बरेच जण काहीच करत नाहीत, म्हणजे पाजत नाहीत. चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, आणि पुढचं दूध मिळालं नाही तर एचएफचं वासरू फार दिवस काढत नाही.

ज्या दुधापायी कुणी मरणार नाही ते दूध किती रुपयांना पडेल, ह्याचा मी एकदा हिशेब मांडला. आकडे ढोबळ आहेत, तुमच्या बाबांच्या वहीतले घालून बघा. एक गाय पाच वेतं देते, वेताला तीन हजार लिटर धरू, म्हणजे आयुष्यात पंधरा हजार लिटर. भाकड झाल्यावर ती आणखी आठ वर्षं जगेल. वैरणपाण्याचे दिवसाला १०० रुपये धरले तर ते झाले २ लाख ९२ हजार. लिटरमागे साडेएकोणीस रुपये. पाच वेतांत सरासरी अडीच खोंड. एक खोंड पंधरा वर्षं पोसायचा तर साडेपाच लाखांच्या आसपास, अडीच खोंडांचे पावणेचौदा लाख. लिटरमागे एक्याण्णव रुपये. दोन्ही मिळून लिटरमागे ११० रुपये, आणि हे नेहमीच्या दराच्या वर. तुमच्या बाबांना गाईच्या दुधाला काय मिळतं? २०२४ मध्ये दर इतके कोसळले की सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. ह्या दोन आकड्यांतलं अंतर भरलं जातं ते खोंडाच्या आणि म्हाताऱ्या गाईच्या जिवानं. शहरातल्या पिशवीवर छापलेली किंमत त्यांच्यामुळे कमी आहे.

हा हिशेब झाल्यावर मी "आपला छोटा गोठा म्हणजे अहिंसक" असं म्हणायचं सोडलं. छोट्या गोठ्यात गाईला नाव असतं, पोळ्याला बैलाच्या अंगावर झूल चढते, म्हातारं बैल मेलं तर घरात चूल पेटत नाही, हे सगळं मी पाहिलंय आणि ते मला मोलाचं वाटतं. पण खोंडाच्या बाबतीत पाच गाईंचा गोठा आणि पाच हजार गाईंचा गोठा सारखाच वागतो, कारण दोघांनाही दर तोच मिळतो.

काही आरोप मात्र मला मान्य नाहीत, तेही स्पष्ट सांगतो. कृत्रिम रेतनाला बलात्कार म्हणणारे लेख मला मुलं पाठवतात. मी हजारो गाई भरवल्या आहेत, म्हणजे त्यांना रेतन केलं आहे. माजावर आलेली गाय स्वतः हंबरते, दुसऱ्या गाईवर चढते, दावं तोडते. रेतनाला दोन मिनिटं लागतात, अननुभवी हात असेल तर इजा होते, चांगल्या हातानं होत नाही. वळूच्या वजनानं कंबर मोडलेली कालवड आणि वळूमुळे गावभर पसरलेला गर्भपाताचा रोग, दोन्हींवर मी उपचार केले आहेत. रेतनाबद्दल तुम्हाला हरकत घ्यायचीच असेल तर ती अशी घ्या की आपण गाईला जवळजवळ दरवर्षी गाभण ठेवतो. पोटात वासरू आणि कासेत दूध एकाच वेळी, आणि हाडातलं कॅल्शियम दोघांना पुरवत ती व्याल्यावर बसूनच राहते, उठत नाही. त्यात आपल्या ऊसपट्ट्यात वैरण म्हणजे वाढे, उसाचे हिरवे शेंडे. वाढ्यांतल्या ऑक्झॅलेटमुळे असलेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. हे मी रोज बघतो.

आणि दुसऱ्या बाजूचाही एक समज खोटा आहे. "दूध काढलं नाही तर गाईला त्रास होईल, म्हणून आपण तिच्यावर उपकारच करतो." गाय दूध देते कारण ती व्यालेली आहे, आणि व्यालेली आहे कारण आपण तिला भरवलं. वासराला दिवसाला चार-पाच लिटर लागतात आणि ती पंधरा लिटर देते, ते वरचं दूध आपणच निवड करून तिच्या अंगात आणलं आहे. त्या वरच्या दुधापायी दगडी, म्हणजे कास सुजण्याचा रोग, होते, खुरं दुखतात, आणि जी गाय वीस वर्षं जगू शकते ती आठव्या-नवव्या वर्षी थकते.

वासरू आईपासून कधी तोडावं, ह्यावर मला लोक नेहमी विचारतात. जन्मताच वेगळं केलं तर आई कमी हंबरते. आठवडाभर पाजून मग तोडलं तर दोन-तीन दिवस हंबरत राहते, वैरण सोडते. म्हणून पुष्कळ जण लगेच तोडा म्हणतात. आईला दुःख कमी दिसतं हे बरोबर आहे. पण आईजवळ राहिलेलं वासरू वजन चांगलं धरतं, पुढं कळपात नीट वागतं, एकमेकांचे कान-बेंबी चोखत बसत नाही. मी शेतकऱ्याला सांगतो की दिवसा वेगळं बांधा, धारेच्या आधी आणि नंतर पाजा, एक सड त्याचा ठेवा. आपल्या आज्या हेच करायच्या.

आता तुमचं. सोडलंय ते सोडलेलंच ठेवा, असं मी म्हणेन. ज्याला सोडता येतं त्यानं सोडावं, ह्या मतावर मी सावकाश आलो आहे. मी स्वतः पूर्ण सोडलेलं नाही. पूर्वी घरात दोन लिटर यायचं, आता अर्धा लिटर येतं. ते अशा एका शेतकऱ्याकडून घेतो ज्यानं दोन खोंड आणि एक भाकड गाय ठेवली आहे, आणि त्याला लिटरमागे चाळीस रुपये जास्त देतो. वरचा हिशेब बघता तेही अपुरे आहेत. पनीर, पेढे, आईस्क्रीम घरात येत नाही, कारण एक किलो पनीर म्हणजे पाच-सहा लिटर दूध.

तब्येतीचं मी जनावरांचा डॉक्टर म्हणून फार बोलणार नाही. पण एक गोष्ट टाळू नका. बी-१२ कुठल्याही पालेभाजीत, डाळीत, नाचणीत मिळत नाही, त्याची गोळी घ्यावीच लागते, आणि वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या. दिवस राहिले किंवा अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. कॅल्शियमची चिंता आपल्या माणसानं करू नये. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. तीळ, राजगिऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला आहेच. भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा हे आपलं रोजचं जेवण मुळात जवळजवळ बिनदुधाचंच होतं. घरात दूध होतं ते लेकरापुरतं, बाकी ताक. भांडी भरभरून दूध प्यायची सवय आपल्याला डेअरीनं लावली.

वडिलांशी वाद घालू नका. दूध पाप आहे का ह्यावर त्यांना हो म्हणायला लावून काही मिळणार नाही. दहा दिवसांचं बिल हा त्या घरातला एकमेव नियमित पैसा आहे. उसाचं बिल वर्षातून एकदा, तेही लांबतं. बहुतेक घरांत दुधाचा पैसा बाईच्या हातात राहतो, किराणा आणि शाळेची फी त्यातून निघते. शेणखत बंद झालं तर उसाची जमीन दोन वर्षांत दगड होते. पाच गाई विका असं सांगणं सोपं आहे. पण त्या ज्याच्या दावणीला जातील तो त्यांना ह्याहून बरं ठेवेल असं मला तरी वाटत नाही.

वाद न घालता काय करता येईल, ते सांगतो. लिंग-निर्धारित वीर्य वापरलं तर दहातल्या नऊ कालवडी होतात. खोंड कमी जन्मतो. हा प्रश्नावरचा पूर्ण इलाज नाही, कारण जास्तीच्या कालवडी कुणाच्या तरी दावणीला जाऊन पुन्हा तोच खेळ सुरू करतात. पण उपाशी मरणारा जीव जन्मालाच न येणं मला चांगलं वाटतं. पाचाच्या चार गाई करा, एका गाईची वैरण भाकड गाईला द्या. गोठा मुक्त संचार करा, नुसती तारेची जाळी आणि दोन झाडांची सावली पुरते. चार फुटांच्या दाव्यावर जन्म काढणं थांबलं की खुरांची निम्मी दुखणी जातात. म्हशीला कुणी सुई मारत असेल तर ती आजच बंद. आणि ह्याला पैसे लागतील. तुम्ही कमावता. दूध पीत नसलात तरी त्या घरातल्या एका खोंडाच्या वैरणीचे महिन्याला तीन हजार तुम्ही पाठवू शकता. तुमच्या शिक्षणाचा हिशेब वडिलांनी काढलाच आहे, तर तो फेडायची ही जागा मला योग्य वाटते. खोंड वर्षाचा झाला की एकटाच कडबा ओढायच्या गाडीला शिकवता येतो, सकाळच्या गारव्यात एचएफचा खोंडही चांगला चालतो. मी दोन ठिकाणी शिकवून घेतले आहेत.

पुढच्या महिन्यात व्यायची आहे त्या गाईबद्दल मात्र आज रात्रीच घरी फोन करा. आईला सांगा, कालवड होवो की खोंड, पहिल्या दोन तासांत दोन लिटर चीक पाजायचा आणि रात्रीपर्यंत आणखी दोन. चिकातली ताकद वासराच्या आतड्यातून रक्तात जायची वाट पहिल्या चोवीस तासांतच उघडी असते, नंतर चीक नुसतं पोट भरतो. नाळेला आयोडीन लावायचं. खाली कोरडा भुसा, सिमेंटवर ठेवायचं नाही. खरवसासाठी शेजारी वाटी घेऊन येतीलच. त्यांना तिसऱ्या दिवशी या म्हणावं.